गणपतीतलं वाडीचं जेवण वाडीतच पिकवायचं, तर आत्ता काय पेरावं?

परसदार

आमची वाडी राजापूर तालुक्यात, खाडीपासून बरीच आत. गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी वाडीचं एकत्र जेवण असतं. चाकरमानी धरून दीडशेच्या आसपास पानं होतात. गेली काही वर्षं हे जेवण आचाऱ्याला देतो. पनीर, पुऱ्या, गुलाबजाम आणि पिंपात कालवलेलं केशरी सरबत. चव वाईट नसते. पण गेल्या खेपेला पान वाढल्यावर एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "लग्न कोणाचं रे?" आणि परवाच्या बैठकीत तोच विषय निघाला. ठरलं असं, की यंदा पानात जे पडेल ते वाडीत पिकलेलं असावं.

तांदूळ, भाज्या, नारळ, कोकम, कडधान्य वाडीतलं, यावर सगळे राजी आहेत. तेल, मिरची, गूळ बाहेरचा चालेल का यावर अजून भांडण चालू आहे. विहिरीखालचा एक मळा पडीक आहे, तो वापरायला मिळेल (सातबारावर नावं इतकी आहेत की परवानगी कोणाची घ्यायची हेच कळत नव्हतं, शेवटी जे गावात राहतात त्यांना विचारलं). बाकी घरटी परसवं आहेतच. विहिरीला पाणी आहे, पण मे महिन्यातलं, म्हणजे कळशीने मोजून.

यंदा अधिक ज्येष्ठ, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला. मृगावर पेरलं तर तीन महिने हातात आहेत. माझी यादी: टाकळा, फोडशी, भारंगी, अळू, तवसं (मोठी पावसाळी काकडी), दोडकी, पडवळ, लाल भोपळा, चिबूड, सुरण, कुळथाची पिठी, सोलकढी, पातोळ्या. काय चुकतंय ते सांगा.

पागोळी

यादी छान, पण त्यात तीन वेगवेगळे महिने एकत्र झालेत.

टाकळा पहिल्या पावसानंतरचा. कोवळा असताना, दोन-चार पानांवर असतानाच खुडायचा. सप्टेंबरात तो कमरेएवढा होऊन शेंगांवर आलेला असेल. फोडशीचंही तेच, आषाढ सरता सरता ती जून होते. भारंगीची पानं तोवर निबर झालेली असतील, पण फुलं मिळतील. ती उकळून, पाणी पिळून, डाळ घालून करतात. कडवटपणा राहतो, मुलं खाणार नाहीत, म्हातारी माणसं मात्र दोनदा मागतील. रानातलंच हवं असेल तर कंटोली धरा, ती तेव्हा असतात. सुरण आत्ता लावलात तर निघायला पुढचं वर्ष उजाडेल. कोणाच्या परसात जुना गड्डा असेल तरच तो पानात येईल.

आता पेरायचं. लाल भोपळ्याला तीन महिने पुरे पडतात म्हणावं तर जेमतेम. तो मृगाची वाट न बघता याच आठवड्यात टोचा, पाणी कळशीने घाला. चिबूडही लवकर. पडवळ आणि दोडकी पहिल्या पावसावर. तवसं आणि भेंडी मात्र दोन हप्त्यांत टोचा, एक मृगावर आणि एक जुलैच्या मध्याला. सगळं एकदम टोचलंत तर ऑगस्टात तवशी शेजाऱ्यांना वाटत फिराल आणि जेवणाच्या दिवशी वेल पिवळे पडलेले असतील.

राजापूरकडे म्हणजे जांभ्याची जमीन असणार. उताराची असेल तर पाणी निघून जातं, पण मळ्यात ते साचणार. आळी खणू नका, उलट मातीचे उंचवटे करून त्यावर बी टोचा. मुळात पाणी राहिलं की वेल जुलैतच बसतो.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. भूक लागली.

मिरग

बेत बरो आसा, पण पयलो प्रश्न तांदळाचो. गणपती कितीय उशिरा असले तरी भात तेव्हा शेतात उभा. म्हंजे रांदूचो तांदूळ गेल्या वर्साचोच. कोणाकडे वालय नायतर बेळो (हे जुन्या भाताचे जाती) शिल्लक आसा काय, ता आत्ताच इचारून ठेया. लोक मे म्हयन्यात इकून मोकळे होतत.

आणि उकडो करूचो आसात तर मिरगाआधी. मागीर उन गावाचा नाय. भात रात्री भिजत घालूचा, सकाळी मोठ्या भांड्यात उकडूचा, साल फुटाक लागली की उतरूचा, खळ्यात सुकवचा. गिरणीवाल्याक आदी सांगा, जास्त घासू नको म्हणान. लाल कोंडो रवलो तरच उकड्याक चव.

परसदार

@पागोळी, धन्यवाद, भोपळा आजच टोचतो. @मिरग, वालय आमच्याकडे कोणी लावत नाही. साधं लाल भात दोन घरी आहे, पण उकडा करण्याइतकं आहे का ते बघावं लागेल. दीडशे माणसांना किती तांदूळ लागेल?

मिरग

शंभराक धा-बारा किलो धरा. उकडो फुगता, पण गणपतीत लोकांची भूकय फुगता. इसाक कमी नको.

खाजणकर

मी जरा उलटं बोलणार आहे.

"सगळं वाडीतलं" असं जेवण कोकणात कधी होतं? राजापूर हे तर बंदर. अणुस्कुरा घाटाने माल खाली यायचा आणि बंदरावरचा वर जायचा. गूळ घाटावरूनच यायचा, आजही कोल्हापूरचाच येतो. मिरची पोर्तुगीजांनी आणली, काजूही त्यांनीच. त्याआधीचं जेवण करायचं असेल तर तिखटाला मिरी घाला आणि पाचशे वर्षं मागे जा. मीठ मात्र खरंच आपलं, शिरोड्याला मिठागरं आहेत.

दुसरं. नारळाचा रस, पातोळ्या, सोलकढी हे ज्यांच्या माडांच्या बागा होत्या त्यांचं सणाचं जेवण. वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन कसणाऱ्याच्या घरी पेज, नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि पावसात मिळेल तो पाला. नारळ घरात असला तरी तो विकायला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तीच नाचणी आता मॉलमध्ये बिस्किटांत मिळते, ते सोडा. पण वाडीचं जेवण म्हणताना वाडीतल्या कोणाचं, हे एकदा विचारा.

परसदार

@खाजणकर, हा मुद्दा बैठकीत कोणी काढला नव्हता. आमच्याकडे वरच्या बाजूची चार-पाच घरं नाचणी लावतात अजून. पण ती निघते दिवाळीच्या आगेमागे.

खाजणकर

गेल्या वर्षीची असेल की. नाचणी कणगीत वर्षानुवर्षं टिकते, तिला किडा सहसा लागत नाही. त्या घरांकडून विकत घ्या. दान म्हणून मागू नका.

अष्टागरी

अलिबागकडून हजेरी. आमच्या जेवणात कडव्या वालांचं बिरडं नसेल तर पान अर्धंच. तुमच्याकडे भात कापल्यावर ओलीवर वाल पेरत असतील तर घरात साठवणीचे असतीलच, ते काढा. आदल्या दिवशी मोड आलेले वाल गरम पाण्यात टाकून सगळ्यांनी बसून सोलायचे. दीडशे पानांचं बिरडं म्हणजे आठ-दहा किलो कोरडे वाल आणि एक अख्खी संध्याकाळ. पण या कामाला गप्पा मारता आल्या की पुरतं, कौशल्य लागत नाही. पोरं सुद्धा बसतात.

कांदा आमचा पांढरा घ्या म्हणालो असतो, भौगोलिक मानांकनवाला, पण तुमच्या नियमात बसत नाही. :)

अवांतर: पोपटीला या कधी. जानेवारीत वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भरतात, ओवा आणि जाडं मीठ, पाण्याचा थेंब नाही, मडकं पालथं घालून भोवती जाळ. तेही वाडीचंच जेवण. फक्त त्याला बैठक लागत नाही.

वानरसेना

सगळे पेरण्याबद्दल बोलताहेत. खाणार कोण ते मी सांगतो. वानरं.

आमच्याकडे चिपळूणच्या बाजूला लोकांनी परसवं सोडली ती आळसाने नाही. पडवळ बोटाएवढं झालं की टोळी उतरते, खाते थोडं आणि मोडते जास्त. केळी, भोपळा, तवसं, शेंगा, काही सोडत नाहीत. नारळाची बोंडं पाडतात. मळ्यात रात्री डुकरं. आमच्यात जे तगलं ते एवढंच: हळद, आलं, अळू, सुरण. त्यांना वानर सहसा तोंड लावत नाही. मिरचीही बऱ्यापैकी वाचते.

जाळी घालणार असाल तर मांडवाच्या चारी बाजूंनी आणि वरूनही. नुसत्या कुंपणाचा त्यांना शिडी म्हणून उपयोग होतो.

पागोळी

वानरांबद्दल +१. एक गोष्ट आमच्याकडे चालली ती सांगते. प्रत्येक घरी दोन वेल लावण्यापेक्षा सगळे मांडव एकाच ठिकाणी, लागून लागून घातले आणि राखणीच्या पाळ्या लावल्या. सकाळी उन्हं वर येईपर्यंत आणि दुपारी चारनंतर कोणीतरी तिथे असायचं. एकटं घर दिवसभर राखण करू शकत नाही, दहा घरं करू शकतात. तुमचा मळा विहिरीजवळ आहे, तिथे येणं-जाणं असणारच.

आणि फळमाशी विसरू नका. दोडकी-तवशी आतून सडतात ती तिच्यामुळे. आंब्याच्या बागेतला सापळा आणून टांगू नका, त्यातलं आमिष वेगळ्या माशीचं असतं. वेलभाज्यांना क्यू-ल्यूरची गोळी लागते. कृषी सेवा केंद्रात नाव सांगून मागा, नाहीतर देतील तेच घेऊन याल.

चाकरमानी_डोंबिवली

अप्रतिम कल्पना! आम्हाला गावाकडचं असं जेवण मिळणार म्हणजे पर्वणीच. वर्गणी वाढवून द्यायला तयार आहोत. अजून काही मदत लागली तर कळवा.

वानरसेना

जूनच्या शेवटी लावणीला या.

चाकरमानी_डोंबिवली

रजा मिळत नाही हो. गणपतीलाच कशीबशी मिळते.

सुगरण_नाही

एवढा धागा वाचला. रांधणार कोण, हे एकानेही विचारलं नाही.

मी कोकणातली सून आहे. गणपतीत घरात पंधरा-वीस माणसं, सकाळचा नैवेद्य, दुपारची पंगत, रात्रीचे आरतीवाले, मध्ये गौरी, ओवसे. विसर्जन झालं की पाठ टेकायची असते. वाडीच्या जेवणाला आचारी आला तो काही पनीरच्या आवडीने आला नाही. बायकांनी सांगितलं की आता आमच्याने होणार नाही, म्हणून आला. आता वाडीचं, पारंपरिक, चुलीवरचं म्हणून पुन्हा तो टोप आमच्याच डोक्यावर येणार असेल तर मला गुलाबजाम प्रिय आहेत.

दीडशे पानांची सोलकढी म्हणजे वीस-पंचवीस नारळ खवायचे, वाटायचे, पिळायचे. पातोळ्या माणशी दोन धरल्या तरी तीनशे. एकेक पान पुसून, एकेकावर पीठ थापून. कोणी केल्यात कधी तीनशे पातोळ्या?

मिरग

बाय म्हणता ता खरा.

परसदार

@सुगरण_नाही, बैठकीला बायका तीनच होत्या आणि त्या चहाच्या बाजूला होत्या, हेही सांगून टाकतो. काल मुद्दाम पुन्हा बैठक घेतली, या वेळी दुपारी, म्हणजे सगळ्यांना येता आलं. तुमची पोस्ट वाचून दाखवली. टाळ्या पडल्या आणि मग बराच वेळ जुनी उणीदुणी निघाली, ती इथे देत नाही.

निष्पन्न काय, तर आचारी राहणार. तो शेजारच्याच वाडीतला आहे. सामान आपलं, रांधणार तो, मजुरी नेहमीचीच. त्याला विचारलं तर म्हणाला, "पनीर मला तरी कुठे आवडतं, तुम्ही मागता म्हणून करतो." नारळ खवणं, वाल सोलणं, भाज्या चिरणं हे आदल्या दिवशी पुरुषांनी आणि चाकरमान्यांनी. पातोळ्या रद्द. त्याऐवजी तवशाचं धोंडस, ते मोठ्या परातींत होतं आणि कापून वाढता येतं. जून तवशी त्यात खपतात.

सुगरण_नाही

धोंडस चालेल. आणि भांडी?

परसदार

केळीची पानं. टोप आचाऱ्याची माणसं घासतील.

खाऊगल्ली

मध्येच विचारतो, मासे का नाहीत? मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, सप्टेंबरात बांगडा येत असेल. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं नसेल तर कोकणातलं जेवण कसलं?

परसदार

काही घरी अनंत चतुर्दशीपर्यंतचा गणपती असतो. ते येणार नाहीत मग. बांगड्यासाठी शिमगा आहे, मे महिना आहे.

पागोळी

सोलकढी ठरली असेल तर एक घाईची गोष्ट. ती सप्टेंबरात प्यायची असली तरी करायची आत्ता आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आत्ताच पिकताहेत आणि एकदा पाऊस लागला की फळ झाडाखाली कुजतं.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, सोपं. पिकलेली लाल फळं धुऊन पुसून कोरडी करा, फोडून बिया वेगळ्या काढा, साली काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत मिठाचे थर देत भरा. रोज कोरड्या लाकडी डावाने खालीवर करा. आठवड्याभरात रस सुटतो, तो गाळून बाटल्यांत भरा. उकळायचं नाही. मीठ हात आखडून घातलंत तर बुरशी येते, म्हणून फळाच्या चौथ्या हिश्श्याला जवळ जाईल एवढं घाला. आगळ खारटच असतं, कढीत वेगळं मीठ लागत नाही. स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका.

आमसुलं करायची तर साली उन्हात टाकायच्या आणि गराच्या खारट रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायच्या, काळ्या पडेपर्यंत. दीडशे माणसांच्या अळूच्या फदफद्याला आमसुलं भरपूर लागतील. अळूची खाज आंबटाशिवाय जात नाही.

बिया फेकू नका. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तूप येतं, ते गार झाल्यावर मुठीत वळतात. मुठेल. भेगांना लावायला. लावणीच्या दिवसांत चिखलात पाय असतात तेव्हा त्याची किंमत कळते.

नवशिक्या_बागवान

रातांब्याच्या बिया लावल्या तर झाडं येतील ना? इथे पडल्यात भरपूर.

पागोळी

येतील, पण त्यात निम्म्याच्या आसपास नर निघतात. नराला फळ नाही, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. फळ हवं तर मादी झाडाचं कलम लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' नावाची जात आहे, तिची कलमं मिळतात. आसपास एखादा नर असू द्या मात्र, सगळेच तोडू नका.

खाजणकर

ऋषीपंचमीची भाजी कोणाला आठवली नाही याचं नवल वाटतं. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं, हाताने लावलेलं सगळं एका टोपात: अळू, भेंडी, दोडकी, लाल भोपळा, माठ, चवळी, कंद, मक्याचं कणीस, आंबटाला अंबाडी. तेल नाही, मसाला नाही. तुमचं तेल-मिरचीचं भांडण त्या भाजीला लागूच होत नाही. वरच्या घराला, खालच्या घराला, सगळ्यांना परवडणारी. पंचमी १५ तारखेला आहे, जेवण नंतर आहे, पण भाजी पुन्हा केली म्हणून ऋषी रागावणार नाहीत.

शिवाय कुठलीच भाजी दीडशे पानांना पुरेल एवढी येणार नाही, हे लिहून ठेवा. दोन भेंड्या या घरच्या, चार दोडकी त्या घरची. अशा मालाला हाच एक पदार्थ आहे.

परसदार

@खाजणकर, हे पटलं. आणि वानरांनी अर्धं नेलं तरी ती भाजी होते.

सध्याचं पान असं: लाल भात (उकडा होण्याइतका साठा निघाला नाही, पुढच्या वर्षी दोन घरं जादा लावतो म्हणालीत, बघू), वरून नारळाचा रस घातलेली डाळ, वालाचं बिरडं, ऋषीची भाजी, अळूचं फदफदं, नाचणीची आंबील, सोलकढी, धोंडस, तवशाची कोशिंबीर. डाळ बाहेरची. तेल बाहेरचं. गूळ कोल्हापूरचा. मिरची अर्धी आमची. 'सगळं वाडीतलं' हे शब्द निमंत्रणातून काढले. नाचणी विकत घेणार, दर त्या घरांनीच सांगायचा.

कुळथाची पिठी वगळली, कारण एका पंगतीत बिरडं आणि पिठी दोन्ही नको असं आचाऱ्याचं मत पडलं. त्यावरून दोन जण अजून रुसलेत.

राखणीची पाळी कागदावर लिहिली आहे. मुंबईकरांची नावं त्यात नाहीत. त्यांना नारळ.

चाकरमानी_डोंबिवली

नारळ खवायला मी आहे. खवणी घरून आणू का?

परसदार

आणा. वाडीत चालू स्थितीतल्या चारच निघाल्या, बाकीच्यांचे दात गेलेत.

वानरसेना

पडवळाचं बी कुठलं लावताय? दुकानातलं संकरित असेल तर पुढच्या वर्षी त्याचंच बी धरून उपयोग नाही. आमच्याकडचं जुनं आहे, लांब, पांढऱ्या रेघांचं. राखेत ठेवलंय. राजापूरकडे येणारा कोणी असेल तर देतो त्याच्याकडे.

परसदार

द्याच. बदल्यात चिबडाचं बी पाठवतो. पण तुमच्याकडे ते वानरं खाणार ना?

वानरसेना

खाऊ दे. एखादं तरी चुकून राहील.